मुद्रितशोधकाचा जबाब

सदर ठाण्यातल्या कूलरला खस नवी होती,
पाणी मात्र संपलेलं.
जमादारीणबाईंनी विचारलं, नाव?
सुमंत एलिया पारधे. राहणार मोहननगर. वय एकाहत्तर.
धंदा?
छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं वाचली,
दुसऱ्यांच्या चुकांना लाल शाई लावली,
माझ्या कुणी शोधल्या नाहीत.
हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

आदल्या रात्री वडीलमंडळ बसलं होतं.
फिलमनदादा बशीतला चहा फुंकत म्हणाले,
सुमंतभाऊ, खोटं बोला असं कोण म्हणते?
फक्त दिसलं नाही म्हणा.
मोतीबिंदू तर आहेच ना तुम्हाला, डावीकडे.
मग आवाज उतरला त्यांचा.
मागच्या महिन्यात जरीपटक्यात
एका घरातली प्रार्थना बंद पाडली,
बायकांना विचारलं, किती पैसे मिळाले.
बघा ना बाप्पा, वेळ कोणती आहे.

वेळ मला दिसत होती.
त्यांची भीती खरी होती,
तीत एका अक्षराचीही चूक नव्हती.

मी सांगितलं ते एकाच वाक्यात सांगितलं :
मिरवणूक आमच्या फाटकाशी मुद्दाम थांबली,
आणि वीट आमच्या भिंतीच्या आतून गेली.

आतून?
हो. आतून.
पाण्याचं पाऊच क्रुसावर फुटलं, शिव्या झाल्या,
डीजेनं वेदीवरचे प्याले थरथरत होते,
हे सगळं आधी. तेही लिहा.
पण वीट हनोखनं फेकली.

हनोख माझ्याच शब्बाथशाळेतला.
दहाही आज्ञा मीच पाठ करून घेतल्या,
साक्षीच्या आज्ञेशी तो नेहमी अडायचा,
मी पुढचा शब्द सुचवायचो.
आता मी अडलो होतो
आणि सुचवायला कुणी नव्हतं.
समोर फक्त कार्बन लावलेला कागद,
खाली सहीची रेघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर फिरलं :
वीट आतून गेली, चर्चच्याच म्हाताऱ्याची कबुली.
संध्याकाळी दुसऱ्या गटात :
मिरवणूक मुद्दाम थांबली, साक्षीदाराचं म्हणणं.
माझ्या एका वाक्यात एक स्वल्पविराम होता,
दोन्हीकडच्यांनी त्याच्यावर पाय रोवले
आणि ओढलं.
दोन्ही तुकडे शुद्ध होते. व्याकरणात काही सापडलं नसतं.

रविवारी सलोमीबाई बाकावरून उठल्या,
पदर सावरत पुढे जाऊन बसल्या.
हनोखची आत्या त्या. मी समजू शकतो.
पोराला दोन रात्री ठेवून सोडलं होतं,
फाटकाशी उभा होता, सलाम केला नाही.
पाळकांनी भाकर मोडली.
ज्याच्या वाट्याला जेवढी आली,
तेवढ्यात ती पूर्ण होती.
वाक्याचं असं का होत नाही
हे मी गुडघ्यांवर बसून विचारलं.
उत्तर आलं असेल तर
ते माझ्या चांगल्या कानाच्या बाजूनं आलं नाही.

आणि मनात हेही येऊन गेलं,
की हात धुणाऱ्यालाही त्या सकाळी
डोळ्यांनी सगळं नीट दिसत होतंच.

सोमवारी मेयोत गेलो, उन्हाच्या आधी.
चेतन, कपाळावर सात टाके,
उशाला पक्षाचा गमछा घडी करून ठेवलेला.
त्याची आई मला बघून उभी राहिली,
स्टूल दिलं नाही, मागेही ओढलं नाही.
तो म्हणाला, काका, तुम्ही त्यांच्यातले ना?
मग खरं काऊन सांगितलं?

छत्तीस वर्षांत मला कुणी
असा प्रश्न विचारला नव्हता.
मी त्याचा केसपेपर उचलला, सवयीनं.
आडनाव चुकलं होतं : पवनीकर.
विचारलं, बरोबर काय?
पौनीकर, तो म्हणाला,
सगळेच चुकवतात.
मी खिशातलं लाल पेन काढलं.